डॉक्सचा बिल्ड किती वेळा करायचा: रोज रात्री, दर पुशला, की फक्त रिलीजला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमधली एक ओपन सोर्स लायब्ररी, मेंटेनर तीन-चारच, डॉक्स (लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी पानं) स्फिंक्स या साधनाने बनवलेले. एपीआय रेफरन्स (कुठलं फंक्शन काय करतं त्याची यादी) कोडमधल्या डॉकस्ट्रिंग्जमधून (फंक्शनसोबतच लिहिलेल्या वर्णनांमधून) आपोआप तयार होतो, सोबत उदाहरणांची गॅलरी आहे जी बिल्डच्या वेळी खरोखर रन होते, आणि वर पीडीएफसुद्धा काढतात. सगळं मिळून एका बिल्डला, म्हणजे ही सगळी पानं नव्याने तयार करायला, २५ मिनिटं. सध्या प्रत्येक ब्रांचच्या (कोडच्या समांतर प्रतीच्या) प्रत्येक पुशला (बदल सर्व्हरवर पाठवला की) हा पूर्ण बिल्ड चालतो, सगळे वैतागलेत, आणि आता टीममधे दोन मतं आहेत: एक म्हणतो रात्री एकदाच करू, दुसरा म्हणतो फक्त रिलीजला करू. तर किती वेळा करायचा?

मी बरीच वर्षं ओपन सोर्स प्रोजेक्ट्समधे हीच बाजू सांभाळतोय, आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक टीममधे बघितलाय, त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि मग कारणं. रात्री एकदाच नको, फक्त रिलीजला तर अजिबात नको, आणि आत्ता चाललंय तसं प्रत्येक पुशला सगळंच्या सगळं पण नको. वाद होतो कारण "बिल्ड" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या कामांसाठी वापरतो. डॉक्स मोडले नाहीत ना हे बघणं हे एक काम. वाचणाऱ्यांसमोर नवीन पानं ठेवणं हे दुसरं. आणि रिलीजच्या दिवशीचे डॉक्स त्या आवृत्तीसोबत कायमचे ठेवून देणं हे तिसरं. पहिलं काम पीआरला (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती) बांधा, दुसरं मर्जला (तो बदल मुख्य कोडमधे घेण्याला), तिसरं टॅगला (रिलीजच्या कोडवर लावलेल्या खुणेला). घड्याळ लागतं ते फक्त अशा गोष्टींसाठी ज्या आपल्या रिपोच्या (कोडच्या साठ्याच्या) बाहेर बदलतात आणि ज्यांचा आपल्याकडे कमिट (नोंदवलेला बदल) येत नाही. एवढं वेगळं केलं की दिवसातून किती वेळा हा आकडा तुम्हाला ठरवावाच लागत नाही, जेवढे बदल येतील तेवढे बिल्ड होतात.

रात्रीचा बिल्ड का नको म्हणतो ते सांगतो. एका प्रोजेक्टमधे आमच्याकडे वर्षभर तसंच होतं, रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), पूर्ण बिल्ड, सकाळी नवीन डॉक्स. दिवसभरात पाच जणांचे सात-आठ पीआर मर्ज झालेले असायचे आणि सकाळी बिल्ड लाल. आता कुणामुळे तुटला? लॉग उघडा, एरर कुठल्या फाईलची ते बघा, त्या फाईलला काल कुणी हात लावला ते शोधा, त्याला मेन्शन करा, तो तोवर दुसऱ्याच कामात गेलेला. आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला एक पीआर दिलाय तो तर परत येईलच असं नाही, त्याचं काम झालं, मर्ज झालं, तो खूश. मग कुणीतरी मेंटेनर वेळ मिळेल तसं स्वतःच दुरुस्त करणार. याच प्रोजेक्टमधे पुढे एकदा बिल्ड सलग तीन आठवडे फेल होत होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता, कारण नोटिफिकेशन ज्या एकाच माणसाला जायचं तो प्रोजेक्ट सोडून गेला होता. साइट उघडत होती, पानं दिसत होती, जुनी का असेनात, संशय यायचं कारणच नव्हतं. शेवटी एका युझरने विचारलं की चेंजलॉगमधे लिहिलेला पॅरामीटर डॉक्समधे कुठेच कसा सापडत नाही, तेव्हा कळलं.

म्हणून माझा पहिला नियम एवढाच: चूक ज्याने केली त्याच्या डोक्यात ते काम ताजं असेपर्यंत ती त्याला दिसली पाहिजे, आणि ती वेळ म्हणजे पीआर उघडा असतानाची. पब्लिक रिपोसाठी गिटहबचे स्टँडर्ड रनर (बिल्ड चालवणारी मशीन्स) फुकट आहेत, मशीनची मिनिटं वाचवायची एवढी चिंता नको. वाचवायचं आहे ते माणसांचं लक्ष, तुमच्याकडे मेंटेनर चारच आहेत.

पण पीआरला बिल्ड लावला म्हणजे तपासणी झाली असं नाही, आणि या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे चूक झाली तर बिल्ड दिवसातून शंभर वेळा करून काही उपयोग नाही. समजा कुणीतरी एका मोड्यूलमधे नवीन पॅकेज इंपोर्ट केलं. लायब्ररीच्या डिपेन्डन्सीजमधे (लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या यादीत) ते टाकलं, पण डॉक्सच्या बिल्डसाठी रिक्वायरमेंट्सची वेगळी फाईल आहे तिच्यात टाकायचं राहिलं. स्फिंक्सचं ऑटोडॉक डॉकस्ट्रिंग काढण्यासाठी ते मोड्यूल खरंच इंपोर्ट करायला जातं, इंपोर्ट फसतं, ऑटोडॉक लॉगमधे एक वॉर्निंग छापतं आणि पुढच्या पानाकडे वळतं. बिल्ड यशस्वी, पीआरवर हिरवी खूण. साइटवर पान आहे, वर मोड्यूलचं नाव आहे, खाली दोन ओळींची प्रस्तावना आहे, आणि जिथे चाळीस फंक्शन्स असायला हवीत तिथे काहीच नाही. आणि हे पान बघायला मेंटेनरपैकी कुणी जात नाही, कारण आपल्याला ती फंक्शन्स पाठ असतात, जातो तो नवीन युझर, आणि त्याला वाटतं की या मोड्यूलचे डॉक्स कुणी लिहिलेच नाहीत.

यावर उपाय म्हणजे वॉर्निंगला एरर मानणं. स्फिंक्समधे त्यासाठी डॅश कॅपिटल डब्ल्यू हा ऑप्शन आहे, एमकेडॉक्स (स्फिंक्ससारखंच दुसरं साधन) वापरत असाल तर स्ट्रिक्ट. स्फिंक्स जुनं असेल तर सोबत कीप-गोइंगही द्या, नाहीतर पहिल्याच वॉर्निंगला बिल्ड थांबतो आणि बिचाऱ्या कॉन्ट्रिब्युटरला एकेक चूक दुरुस्त करून दर वेळी परत पुश करावं लागतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे निटपिकी मोड, डॅश स्मॉल एन. हे नसेल तर कुणी फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्या पानावर जुन्या नावाचा क्रॉस रेफरन्स राहिला तर स्फिंक्स काही बोलत नाही, लिंकच्या जागी नुसतं नाव छापतं. पण हे दोन्ही एकदम चालू करू नका. जुन्या प्रोजेक्टवर निटपिकी पहिल्यांदा चालू केलं की शेकड्यांनी वॉर्निंग येतात, बऱ्याचशा टाईप हिंट्समधल्या बाहेरच्या क्लासच्या नावांच्या, आणि टीम तिथेच हाय खाते. आधी फक्त डब्ल्यू लावा, ते शून्यावर आणा, मग निटपिकी लावून उरलेल्या इग्नोर यादीत टाका आणि यादी हळूहळू कमी करा.

आता २५ मिनिटांचं काय. पीआरवर २५ मिनिटं कुणी थांबत नाही, माणूस दुसरीकडे जातो आणि परत आला की संदर्भ विसरलेला असतो. माझ्या मते पीआरवरची डॉक्सची तपासणी पाच मिनिटांच्या आत आटपली पाहिजे, आणि त्यासाठी आधी मोजा की वेळ जातो कुठे. स्फिंक्समधे ड्युरेशन नावाचं एक्स्टेन्शन सोबतच येतं, ते सगळ्यात हळू वाचली जाणारी पानं दाखवतं. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की सगळ्यात जास्त वेळ गॅलरी खात असेल, त्याच्या खालोखाल पीडीएफ, आणि नुसतं एचटीएमएल काही मिनिटांचंच असेल. तसं असेल तर काम सोपं आहे, पीआरला फक्त एचटीएमएल, गॅलरी रन न करता.

गॅलरीच्या बाबतीत सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या पायथन लायब्ररीची पद्धत मला फार आवडते. त्यांच्याकडे उदाहरणं प्रचंड आहेत आणि सगळी रन करायला खूप वेळ लागतो, म्हणून कमिट मेसेजमधे खुणा ठेवल्यात: चौकटी कंसात "डॉक स्किप" लिहिलं तर डॉक्स बिल्डच होत नाहीत, "डॉक क्विक" लिहिलं तर गॅलरीचे प्लॉट सोडून बाकी सगळं होतं, आणि "डॉक बिल्ड" लिहिलं तर सगळंच्या सगळं होतं. काहीच लिहिलं नाही तर पीआरमधे ज्या उदाहरणांना हात लागलाय तेवढीच रन होतात. म्हणजे किती खोल बिल्ड करायचा हे बदल करणारा स्वतः सांगू शकतो. तुमच्या आकाराच्या प्रोजेक्टला एवढी यंत्रणा नको, पण बदललेली उदाहरणंच रन करायची ही कल्पना उचलण्यासारखी आहे.

स्फिंक्सला डॅश जे ऑटो दिलं की ते समांतर चालतं आणि बराच फरक पडतो, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. जे एक्स्टेन्शन आपण समांतर वाचनाला सुरक्षित आहोत असं जाहीर करत नाही त्याच्यामुळे स्फिंक्स परत एकेक करून वाचायला लागतं आणि तशी वॉर्निंग देतं, आणि तुम्ही आत्ताच वॉर्निंगला एरर केलंय, त्यामुळे बिल्ड फेल. यात माझी एक दुपार गेली आहे. एरर मेसेज नीट वाचला तर कारण त्यातच लिहिलेलं असतं.

कॅशबद्दल. स्फिंक्स आधीच्या बिल्डमधली वाचलेली पानं डॉकट्रीज फोल्डरमधे ठेवतं आणि पुढच्या वेळी फक्त बदललेल्या फाईल्स वाचतं. सीआयमधे (बदल आला की बिल्ड आणि तपासणी आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) हे फोल्डर कॅश केलं तर पीआरचा बिल्ड चांगलाच झटपट होतो, जरूर करा. पण साइटवर जो बिल्ड जाणार आहे तो मात्र नेहमी कोऱ्या फोल्डरमधून करा. कारण ज्या पानाची सोर्स फाईल बदलली नाही ते पान स्फिंक्स परत लिहीतच नाही, मग तुम्ही एक नवीन पान जोडलं तर काही पानांच्या साइडबारमधे ते दिसतं आणि काहींच्या दिसत नाही, आणि वाचणारा गोंधळतो.

तुमच्या आत्ताच्या सेटअपमधे एक गोष्ट लगेच तपासा, वर्कफ्लो फाईलमधे (कधी काय चालवायचं ते गिटहबला सांगणाऱ्या फाईलमधे) पुश आणि पुल रिक्वेस्ट असे दोन्ही ट्रिगर काही अट न घालता लिहिलेत का. हे खूप ठिकाणी सापडतं. मेंटेनरने रिपोमधल्याच ब्रांचवरून पीआर उघडला की प्रत्येक पुशला तोच बिल्ड दोनदा चालतो. पुशचा ट्रिगर मुख्य ब्रांचपुरता आणि टॅगपुरता ठेवा, बाकी सगळं पीआरवर. सोबत पीआरच्या बिल्डना कन्करन्सी ग्रुप (एका गटातला एकच बिल्ड एका वेळी चालू देणारी सेटिंग) लावा आणि त्यात कॅन्सल-इन-प्रोग्रेस चालू ठेवा, म्हणजे कुणी दहा मिनिटांत चार वेळा पुश केलं तर आधीचे तीन आपोआप रद्द होतात. फक्त एवढ्यानेच तुमचा अर्धा वैताग कमी होईल असं मला वाटतं.

पुढचा प्रश्न हमखास येतो, डॉक्सच्या फोल्डरमधे बदल असेल तरच बिल्ड करू का? म्हणजे पाथ फिल्टर. नका करू, निदान असा नाही. तुमचा एपीआय रेफरन्स डॉकस्ट्रिंगमधून येतो, म्हणजे डॉक्सचा अर्धा भाग कोडच्या फोल्डरमधे राहतो, आणि डॉक्स मोडतात ते बहुतेक वेळा कोड बदलल्यामुळेच. फिल्टर लावायचाच तर उलटा लावा, ज्या गोष्टींचा डॉक्सशी नक्की संबंध नाही त्या वगळा, उदाहरणार्थ फक्त टेस्ट्स बदलल्या असतील तर. त्यातही एक अडचण आहे. गिटहबवर ही तपासणी मर्जसाठी सक्तीची केली असेल आणि पाथ फिल्टरमुळे वर्कफ्लो सुरूच झाला नाही, तर ती तपासणी "पेंडिंग" म्हणून लटकून राहते आणि पीआर मर्ज होत नाही. त्यापेक्षा वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्या आणि आतल्या जॉबला अट घाला, अटीमुळे वगळलेला जॉब पास धरला जातो.

रीड द डॉक्सवर (डॉक्स बिल्ड करून साइटवर ठेवणाऱ्या सेवेवर) असाल तर तिथे वेगळी सोय आहे. बिल्डच्या सुरुवातीला तुमची एखादी कमांड चालवून बदललेल्या फाईल्स बघायच्या, आणि बिल्ड नको असेल तर १८३ या एक्झिट कोडने बाहेर पडायचं, मग तो बिल्ड रद्द होतो आणि पीआरवर लाल खूण येत नाही. १८३ च का, तर स्किप या इंग्रजी शब्दाच्या चार अक्षरांच्या आस्की किमतींची बेरीज ४३९ येते, त्यातून २५६ वजा केले की १८३. असे आकडे लक्षात ठेवायला मला कारण लागतं म्हणून सांगितलं.

पीआरवर प्रिव्ह्यू मिळाला तर सोन्याहून पिवळं, रीड द डॉक्स आणि नेटलिफाय दोन्हीकडे ती सोय आहे. स्वतः उभारणार असाल तर एवढं ध्यानात घ्या की स्फिंक्सची कॉन्फ फाईल म्हणजे साधा पायथन कोड आहे आणि बिल्ड करताना तो रन होतो. म्हणजे अनोळखी माणसाच्या फोर्कवरून (रिपोच्या त्याच्या स्वतःच्या प्रतीवरून) आलेला पीआर बिल्ड करणं म्हणजे अनोळखी माणसाचा कोड चालवणं. तो बिल्ड ज्या जॉबमधे होतो तिथे तुमचे टोकन आणि सिक्रेट्स (पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या) असता कामा नयेत. पुल रिक्वेस्ट टार्गेट नावाचा ट्रिगर यासाठी वापरायचा सल्ला अधूनमधून मिळतो, तो घेऊन पीआरचा कोड चेकआउट करून बिल्ड करू नका, खरंच नका करू. बिल्ड एका जॉबमधे सिक्रेट्सशिवाय करा, तयार एचटीएमएल आर्टिफॅक्ट (बिल्डमधून निघालेली, साठवून ठेवलेली फाईल) म्हणून ठेवा, आणि अपलोड दुसऱ्या वर्कफ्लोने करा.

आता दुसरं काम, साइटवर टाकणं. मुख्य ब्रांचला मर्ज झालं की लगेच, वाट बघायची नाही. टायपो दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याची दुरुस्ती थोड्या वेळात साइटवर दिसली की तो दुसरा टायपो पण दुरुस्त करतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की फक्त त्याच्यासाठी सुद्धा मी मर्जला पब्लिश करेन. इथे गॅलरी पूर्ण रन होऊ दे, २५ मिनिटं लागली तरी कुणी अडून बसलेलं नसतं. कन्करन्सी ग्रुप इथेही लावा पण कॅन्सल-इन-प्रोग्रेस बंद ठेवा, गिटहबच्या स्वतःच्या पेजेस (साइट ठेवायची सोय) टेम्प्लेटमधे पण बंदच असतं, कारण चालू असलेलं डिप्लॉयमेंट मधेच मारायचं नसतं. एक चालू राहतो, एक रांगेत थांबतो, आणि आणखी मर्ज आलं तर रांगेतल्याची जागा नवीन घेतो. म्हणजे गर्दीच्या दिवशी वीस मर्ज झाले तरी वीस बिल्ड होत नाहीत, बिल्ड आपोआपच दर २५ मिनिटांना एक एवढ्यावर येतो, आणि दिवसाच्या शेवटी साइटवर शेवटचीच अवस्था असते. किती वेळा करायचा याचं गणित इथे यंत्रणाच करते, तुम्ही नाही.

गिटहब पेजेसवर ब्रांचमधून बिल्ड होत असेल तर तासाला १० बिल्डची मर्यादा आहे, स्वतःच्या अ‍ॅक्शन्स (गिटहबचं सीआय) वर्कफ्लोने बिल्ड आणि डिप्लॉय केलं तर ती लागू होत नाही. साइटचा आकार १ जीबीच्या आत ठेवावा लागतो, तो मात्र जुन्या आवृत्त्या साठवत गेलं की हळूहळू भरतो. आणि एचटीएमएल कमिट करून वेगळ्या ब्रांचमधे टाकायची जुनी पद्धत असेल तर ती सोडाच. प्रत्येक पानाच्या तळाशी बिल्डची तारीख आली असेल तर एक शब्द बदलला तरी प्रत्येक पान बदललेलं दिसतं, सर्च इंडेक्सची भलीमोठी एका ओळीची फाईल दर वेळी नवीन, आणि दिवसाला दहा बिल्ड धरले तर वर्षभरात रिपो क्लोन करणाऱ्याचा जीव जातो. अ‍ॅक्शन्समधून आर्टिफॅक्ट डिप्लॉय करा, हिस्टरीत काही जात नाही.

पण मर्जला पब्लिश करायचं म्हटलं की एक मोठी जबाबदारी येते, आणि ती विसरली तर वारंवार बिल्ड करणं नुकसानच करतं. मुख्य ब्रांचचे डॉक्स म्हणजे रिलीज न झालेल्या कोडचे डॉक्स. युझर पिपने इन्स्टॉल करतो शेवटची रिलीज, वाचतो आजच्या मर्जचं पान, त्यातलं फंक्शन कॉल करतो आणि अ‍ॅट्रिब्यूट एरर खातो. मग तो इश्यू उघडतो, तुम्ही म्हणता "हे अजून रिलीज झालेलं नाही", तो म्हणतो "मग डॉक्समधे का आहे", आणि त्याचं बरोबर असतं. म्हणून साइटचं मुख्य दार नेहमी शेवटच्या रिलीजच्या डॉक्सवर उघडलं पाहिजे, आणि मुख्य ब्रांचची पानं वेगळ्या पत्त्यावर, वर ठळक पट्टी लावून. रीड द डॉक्सवर स्टेबल आणि लेटेस्ट असे दोन पत्ते तयारच मिळतात, फक्त डीफॉल्ट म्हणून स्टेबल निवडायचं काम आपलं. आणि नवीन फंक्शनला व्हर्जनअ‍ॅडेड (हे कुठल्या आवृत्तीत आलं ते सांगणारी खूण) लिहिण्याची सक्ती रिव्ह्यूमधेच करा.

रस्ट या भाषेच्या जगात डॉक्स डॉट आरएस हेच टोकाला नेतं, क्रेट्स डॉट आयओवर (रस्टच्या पॅकेजेसच्या भांडारावर) रिलीज झाली की त्या आवृत्तीचे डॉक्स आपोआप बिल्ड होतात, आणि वाचणाऱ्याला त्याने घेतलेल्या आवृत्तीचंच पान मिळतं. तुमच्यातला जो "फक्त रिलीजला" म्हणतोय त्याच्या म्हणण्यात हा खरा मुद्दा आहे आणि तो उडवून लावू नका. फक्त तिथे मजकूर बहुतेक एपीआय रेफरन्स असतो आणि तो कोडसोबतच जन्मतो. तुमच्याकडे ट्युटोरियल्स आहेत, इन्स्टॉलेशनचं पान आहे, त्यातली चूक सापडली तर पुढच्या रिलीजपर्यंत ती तशीच ठेवायची का? नाही. त्यासाठी स्टेबलचे डॉक्स टॅगमधून न काढता रिलीज ब्रांचमधून काढा, दुरुस्ती मुख्य ब्रांचला मर्ज झाली की ती रिलीज ब्रांचवर चेरी-पिक करा (तेवढाच बदल उचलून तिकडे टाका), आणि त्या ब्रांचच्या पुशला स्टेबलचा बिल्ड लावा. थोडं जास्तीचं काम आहे, मान्य, पण युझर वाचतो ते हेच पान.

घड्याळावर काय ठेवायचं? आठवड्यातून एकदा, कुणी काही कमिट केलं नसलं तरी, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमधे पूर्ण बिल्ड, पीडीएफसकट. थीमची नवीन आवृत्ती येते, एखादं एक्स्टेन्शन बदलतं, दुसऱ्या प्रोजेक्टच्या डॉक्सकडे जाणाऱ्या इंटरस्फिंक्सच्या लिंक्स हलतात, यातलं काहीच तुमच्या रिपोत कमिट म्हणून येत नाही. बाहेरच्या लिंक्सची तपासणी, म्हणजे स्फिंक्सचा लिंकचेक बिल्डर, तोही इथेच, पीआरवर कधीच नको. कुणाचा तरी सर्व्हर दोन मिनिटं बंद होता किंवा त्याने बॉट म्हणून आपल्याला अडवलं म्हणून टायपो दुरुस्त करणाऱ्याचा पीआर लाल होणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि दोन-तीनदा असं झालं की लोक लाल खुणेकडे दुर्लक्ष करायला शिकतात, मग खरी चूकही त्यातच वाहून जाते.

गिटहबच्या शेड्यूलमधे काही बारकावे आहेत. पब्लिक रिपोमधे ६० दिवस काही हालचाल नसेल तर शेड्यूल्ड वर्कफ्लो आपोआप बंद होतो, म्हणजे शांत प्रोजेक्टला जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज असते तिथेच. तासाच्या ठोक्याला गर्दी असते, त्या वेळी लावलेले जॉब उशिरा सुरू होतात, कधी गळूनही जातात, म्हणून १७ किंवा ४३ असं काहीतरी आडवं मिनिट निवडा. आणि फेल झाल्याचं नोटिफिकेशन सगळ्या टीमला जात नाही, क्रॉनची ओळ ज्याने शेवटची बदलली त्याला जातं. वर सांगितलेला तीन आठवड्यांचा प्रकार आठवा. साप्ताहिक बिल्ड फेल झाला की त्याने स्वतःच रिपोत एक इश्यू उघडावा, किंवा आधीचा उघडा असेल तर त्यावर कॉमेंट टाकावी, अशी शेवटची पायरी लिहा.

रिलीजचा बिल्ड हा नवीन काही शोधायचा क्षण नसावा. पीडीएफ फक्त रिलीजलाच काढणाऱ्यांचं हमखास काय होतं, तर कुणीतरी मधल्या महिन्यात डॉकस्ट्रिंगमधे एक बाण किंवा इमोजी टाकलेला असतो, एचटीएमएलमधे तो छान दिसतो, पीडीएफ बनवणाऱ्या लाटेक्सला तो कॅरेक्टर माहीत नसतो, आणि रिलीजच्या संध्याकाळी टॅग पुश झाल्यावर हे कळतं. आठवड्याच्या बिल्डमधे पीडीएफ घ्यायला सांगितलं ते यासाठीच. तसंही पीडीएफ कुणी डाउनलोड करतं का ते एकदा बघा, करत नसेल तर बंद करा, दर बिल्डमागची मिनिटं वाचतील. आणि चेकआउटमधे पूर्ण हिस्टरी आणि टॅग्ज घ्यायला विसरू नका. अ‍ॅक्शन्सचं चेकआउट डीफॉल्टने फक्त एकच कमिट आणतं, मग आवृत्तीचा आकडा जर तुम्ही गिटच्या टॅगवरून काढत असाल तर पानाच्या डोक्यावर भलताच आकडा छापला जातो.

राहिला जुन्या आवृत्त्यांचा प्रश्न, थीम बदलली की जुने डॉक्स पण परत बिल्ड करायचे का. शक्यतो नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या टॅगच्या डिपेन्डन्सीज पिन केलेल्या नसतील तर तो आज बिल्ड होईलच असं नाही, रीड द डॉक्सने सप्टेंबर २०२३ पासून रिपोत त्यांची कॉन्फिग फाईल असणं सक्तीचं केलं तेव्हा ती फाईल नसलेल्या जुन्या टॅग्जचे नवीन बिल्ड असेच अडले. म्हणून रिलीजच्या दिवशी डॉक्सच्या सगळ्या डिपेन्डन्सीज नेमक्या आवृत्त्यांसह एका फाईलमधे लिहून टॅगमधेच ठेवा, तयार एचटीएमएल झिप करून रिलीजला जोडून ठेवा, आणि मग त्याला हात लावू नका. कुबरनेटीससारखा मोठा प्रोजेक्टसुद्धा चालू आवृत्ती आणि आधीच्या चार एवढ्याच आवृत्त्यांचे डॉक्स साइटवर ठेवतो, तुम्ही चार जणांनी वीस सांभाळायची गरज नाही. "ही जुनी आवृत्ती आहे" अशी पट्टी जुन्या पानांवर हवी असेल तर ती प्रत्येक पानात छापू नका, सगळ्या आवृत्त्या मिळून वापरतात अशा एका जावास्क्रिप्ट फाईलमधे ठेवा, ती साइटच्या मुळाशी एकाच जागी असते, ती बदलली की जुन्या पानांवर पण नवीन पट्टी येते आणि एकही जुना बिल्ड परत करावा लागत नाही.